पोरीच्या बापाची उपाशी फौज

४ ऑगस्ट, सोमवार

फिजिओवाल्या बाईनं ही वही हातात दिली. रोज किती पावलं चालले ते लिहून आणा म्हणे. माह्यी शाळा चौथीपर्यंत, पण लिहिता येते मले. तिले वाटलं नसन.

आजची पावलं: खाट ते न्हाणी ६. वापस ६. तेही मी मागून कंबर धरली तवा.

मे महिन्यात छपराचे कवेलू फेराले वर चढला होता पोरीचा बाप. कवेलूखालचा लाकडी फाटा सडलेला होता, खाली आला. मांडीचं हाड मोडलं. चंद्रपुरात सळई टाकली. बाई म्हणते हाड जुडलं, आता भेव फक्त डोक्यात आहे. दिवाळीपर्यंत चालले नाई तर वॉकर जलमभराचा, आणि जंगलातली नोकरी विसरा. त्याच्या तोंडावर बोलली. बरं केलं. मी बोलली असती तर भांडण झालं असतं.

६ ऑगस्ट

पावलं ०. शब्द पण ०.

पो. बा. (पोरीचा बाप. एवढं रोज कोण लिहीन) भिताडाकडे तोंड करून झोपते. बावीस वर्षं वनमजूर. मुलचेऱ्याच्या बाजूचं सारं जंगल पायानं मोजलेला माणूस. आता न्हाणीपर्यंत चला म्हटलं तर डोळ्यात पाणी. मले दया येते, राग पण येते. राग आधी येते.

पोरीचा फोन आला चंद्रपूरवरून. "आई, बाबासोबत प्रेमानं बोल." तू ये आणि बोल म्हटलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेतून आली तर घरात रज्जाकभाऊ. (शाळेत पोट्ट्यांची खिचडी शिजवते मी. एकशे चाळीस ताटं.) गल्लीच्या टोकाले टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. पो. बा.चा जुना दोस्त. माळा साफ करून राह्यला होता, त्यात एक वस्तू निघाली म्हणून घेऊन आला. पाटीएवढी काळी पेटी, वर रबराची बटनं.

"कंप्यूटर आहे भाभी. साळ्यानं कुवेतवरून आणला होता, माह्या लग्नाच्या दुसऱ्या साली."

पडदा कुठी आहे विचारलं. म्हणे टीव्हीच पडदा. मंग डोकं कुठी आहे? म्हणे कॅसेटमधी.

म्हाताऱ्याचं स्वतःचं कुठी आहे ते विचारणार होती. पण चहा पिऊन राह्यला होता, सोडून दिलं.

९ ऑगस्ट

र. भा. दुकानातला एक छोटा काळा-पांढरा टीव्ही घेऊन आला, टेपरेकॉर्डर घेऊन आला, वायरींचं भेंडोळं घेऊन आला. खाटेसमोर स्टुलावर सारं मांडलं. कॅसेट लावली तर असा आवाज, जसं रातकिडे आणि कोल्हे एकाच पोत्यात कोंडले. पाच मिनिटं किरकिर. शेजारीण पाहाले आली. मंग पडदा काळा. पुन्हा लावली. पुन्हा काळा. र. भा. टेपच्या आवाजाची चक्री एक एक केस फिरवते. तिसऱ्यांदा नकाशा आला.

नदी, दोन पूल, डोंगर, गावं. इकडून पांढऱ्या मुंग्या, तिकडून काळ्या. लढाईचा खेळ. एक पाळी याची, एक पाळी त्याची, आपली फौज चालवायची आणि दुसऱ्याचं शहर घ्यायचं. कसं खेळायचं त्याचं पुस्तक होतं, ते वाळवीनं खाल्लं.

पो. बा.नं भिताडाकडून तोंड फिरवलं. बराच वेळ पाहून म्हणे, "हा पूल इथी काऊन बांधला? नदी तर तिकडं अरुंद आहे."

पाच दिवसातलं पहिलं वाक्य.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बटनांवर इंग्रजी अक्षरं. ते वाचत बसाले मले टाइम नाई. चार बटनांवर माह्या टिकल्या चिटकवल्या. लाल वर, हिरवी खाली, मोठी मरून डावीकडे, खड्यावाली उजवीकडे. शिपाई चालवून पाहला. चालते.

र. भा. म्हणे, "भाभी, चालीस साल में ये किसी को नहीं सूझा."

चाळीस साल कोण्या बाईनं हात नसन लावला, मी म्हटलं.

१३ ऑगस्ट

पो. बा. पांढरा, र. भा. काळा. मी भाजी चिरता चिरता पाहते. पो. बा.ची चाल एकच. नकाशात उजवीकडे एक काळपट पट्टा आहे, जंगल. सारी फौज नेऊन त्यात लपवते. "जंगलात आपल्याले कोण पाहते?" पण तिथं गेली की फौज हलतच नाई. टिकल्या दाबा, हलत नाई. तीन पाळ्या अडकून राह्यते, तोपर्यंत र. भा. शहर घेऊन मोकळा.

"हे विलायती जंगल आहे," पो. बा. म्हणे. "याच्यात पायवाट नाई ठेवली." आणि पुढच्या खेळात पुन्हा तिथंच.

मी म्हटलं, अडकते तर कायले जाता? म्हणे, "मंग काय उघड्या मैदानात जाऊ? येडी झाली का?"

पावलं १२. तीच. न्हाणी आणि वापस.

१५ ऑगस्ट

झेंडा. पोट्ट्यांले मसालेभात आणि बुंदी. घरी आली तर पो. बा. पहिल्यांदाच जिंकत आलेला. आधी जेवा म्हटलं. म्हणे एकच पाळी. लाइट गेली.

पडदा काळा. फौज, पूल, शहर, सारं गेलं. मंग पो. बा. म्हणे, "गेले बिचारे," आणि हसला. पोट धरून हसला, मंग मांडी दुखली म्हणून आईगं म्हटलं, आणि पुन्हा हसला. कवेलूवरून पडला तेव्हापासून हसला नव्हता.

र. भा.नं आत्ता सांगतलं की लढाई अर्धी झाली की कॅसेटवर उतरवून ठेवता येते. आधी काऊन नाई सांगतलं? म्हणे आठवलं नाई. याच्या हातात लोक टीव्ही देते.

१७ ऑगस्ट, रविवार

आज मी खेळली.

शिपायाच्या खाली एक आकडा असते. ९ म्हणजे धडधाकट, १ म्हणजे गेला समजा. माह्ये लोक कोणासंग लढले नाई, काही नाई, तरी ९चे ७ झाले, ७चे ४. मी म्हटलं, भाऊ, मशीन खराब आहे तुमची. म्हणे नाई भाभी, खाली लिहून येते पाहा, सप्लाय नाई. सप्लाय म्हणजे? म्हणे रसद. म्हणजे जेवण नाई? म्हणे, "हो, तसंच."

मले असा राग आला. नकाशाच्या कोपऱ्यात एक चौकोन उभा राह्यते, त्याले आमी कधी हातच लावला नाई, वाटलं शोभेचा आहे. ती जेवणाची गाडी. नऊ दिवस तिघं शहाणे उपाशी माणसं लढवून राह्यलो.

सूरजागडच्या बाजूले अकरा वर्षं बांबूच्या कॅम्पवर रांधलं मी. तिथं कायदा एकच. मजूर उद्या जिथं कुऱ्हाड चालवणार, चूल तिथं आज पोचली पायजे. तांदूळ, मीठ, भांडी आणि मी आधी, माणसं मागून. चूल मागं राह्यली तर दुपारी मजूर कुऱ्हाड टाकून बसते, मंग मुकादम किती का बोंबलेना.

तसंच केलं. गाडी आधी डोंगरामागं नेऊन उभी केली, मंग शिपाई चालवले. आकडे ९चे ९. र. भा.चे आले माह्यापर्यंत तर ३ आणि २. बसल्या बसल्या मेले. शहर माह्यं.

र. भा.नं टोपी काढून डोकं खाजवलं. पो. बा. म्हणे, "हे तुले कोणं शिकवलं?"

तुमच्यासारख्याच्या पोटानं शिकवलं, मी म्हटलं.

२० ऑगस्ट

आता लढाई आमा दोघांची. र. भा. पंच. मी वांगं परताले गेली, वापस आली तर पो. बा.चे दोन शिपाई नदीच्या इकडे. मी म्हटलं, हे कसे आले? म्हणे पोहून. भाऊ, तुमी पंच आहा न? र. भा. खिडकीबाहेर पाहते.

दोघांले बिनातेलाचं वांगं दिलं. म्हटलं आज रसद नाई.

२२ ऑगस्ट, पोळा

शाळेले सुटी. गल्लीत बैल निघाले तरी हे उठून दारात आले नाई. मी म्हटलं चला न पाहाले, दहाच पावलं आहे. म्हणे, "माह्या पाळीत बोलू नको."

संध्याकाळपर्यंत दोन लढाया. दोन्ही मी जिंकली. पुरण थंडं खाल्लं.

२३ ऑगस्ट, शनिवार

ही वही घेऊन फिजिओवाल्या बाईकडे गेली. तिनं पानं पलटवली. बारा, बारा, बारा, सहा, बारा. म्हणे, "सुनंदाताई, हे काय आहे?"

मी म्हटलं, बाई, माणूस हसते आता. जेवते. पोरीसंग फोनवर बोलते.

म्हणे, "छान आहे. पण उठतो का?"

घरी येईपर्यंत डोक्यात तेच. उठत नाई. आधी भिताडाकडे तोंड करून पडला होता, आता पडद्याकडे तोंड करून बसला आहे. खुशीत आहे म्हणून मले दिसलंच नाई. आणि तो पडदा खाटेसमोर कोणं मांडू दिला? मीच.

२५ ऑगस्ट, सोमवार

सकाळीच र. भा.ले बोलावलं. पेटी, टीव्ही, टेप, सारं दुकानात नेऊन ठेवा म्हटलं. पो. बा.समोरच म्हटलं, मले मागून करणं जमत नाई.

"आणि मी कुठी खेळू?"

"दुकानात. स्टूल आहे तिथं."

"मले चालता येत नाई, मालूम नाई तुले?"

"हाड जुडलं आहे. बाई म्हणते."

"हाड माह्यं आहे का बाईचं?"

र. भा. वायरी गुंडाळत होता, मान खाली. जाता जाता म्हणे, "देवरावभाऊ, दुकानात रंगीत टीव्ही पण आहे." बरं बोलला, एवढ्या वर्षात एक कामाचं.

दुपारी शाळेतून येताना मोजलं. आमचं दार ते दुकान, माह्ये २१४ पावलं.

२६ ऑगस्ट

बोलणं बंद. भाकर खाल्ली, पण माह्याकडे पाठ करून.

२८ ऑगस्ट

तेच. पोरीनं फोनवर मले झापलं. "बाबाचा खेळ काऊन काढून घेतला? लहान लेकरू आहे का तो?" मी म्हटलं, लेकरू असता तर उचलून नेला असता.

भीती मले पण वाटते. हे वहीत लिहिते, त्याले नाई सांगत. पडला तर पुन्हा चंद्रपूर, पुन्हा सळई. पण बसून राह्यला तर काय, तेही दिसते.

३० ऑगस्ट

पावलं १२. रज्जाकभाऊच्या दुकानावरून आली. विचारलं कोणी आलं होतं का. म्हणे पंखा दुरुस्तीवाला एक.

२ सप्टेंबर, मंगळवार

शाळेतून आली तर खाट रिकामी.

न्हाणी पाहली. मागचं अंगण पाहलं. वॉकर नाई. पिशवी हातातच, तशीच पळाली. गल्लीत कुठीच पडलेला नाई. दुकानाच्या दारात आली तर आत तो, स्टुलावर बसलेला, घामानं शर्ट पाठीले चिटकलेला, र. भा. पुठ्ठ्यानं वारा घालून राह्यला.

माह्याकडे पाहून म्हणे, "उशीर केला. तुह्यी पाळी आहे."

मी बसली आणि गाडी पुढं सरकवली. घाईत खड्याची टिकली दोनदा दाबली गेली.

किती वेळ लागला याले? र. भा. म्हणे पाऊण तास. तीन जागी थांबला, एका जागी कोणाच्या तरी ओट्यावर बसून चहा पिला.

पावलं २१४. वापसीले पण २१४, मी बाजूले, हात न लावता.

४ सप्टेंबर

रंगीत टीव्हीवर आज नीट पाहलं तर पो. बा.चं जंगल निळं.

तिघं जवळ गेलो. निळंच. जंगल हिरवं आहे, ते वेगळंच, डाव्या बाजूले, डोंगराखाली. पो. बा. ज्याच्यात फौज लपवत होता तो तलाव.

र. भा. म्हणे, "देवरावभाऊ, महिनाभर आपल्या लोकांले बुडवून राह्यला होता तुमी."

पो. बा.नं तलावाच्या काठाकाठानं बोट फिरवलं. मंग म्हणे, "तरी म्हटलं, पायवाट काऊन नाई." आणि जो हसत सुटला, दुकानासमोर बस पकडाले उभे असलेले लोक आत डोकावले. मी तर खालीच बसली. र. भा.च्या डोळ्याले पाणी.

बावीस वर्षं जंगलात काढली माणसानं.

८ सप्टेंबर, सोमवार

नवी लढाई सुरू केली. मोठी, साठ पाळ्यांची. ठरलं असं: त्यानं सकाळी यावं, आपली पाळी खेळून कॅसेटवर उतरवून जावं. मी शाळेतून येताना माह्यी खेळीन. मंग संध्याकाळी त्यानं पुन्हा येऊन पाहावं मी काय केलं.

म्हणजे दिवसाले दोन चकरा. हे पो. बा.च्या ध्यानात आलं नाई. पावलं ८५६.

११ सप्टेंबर

आता पो. बा. पण गाडी आधी नेते. माह्यं पाहून शिकला. आणि खरं जंगल कुठी आहे ते समजल्यावर त्या माणसाले आवरणं कठीण आहे. डाव्या अंगानं झाडीतून कसा आला, माह्ये चार शिपाई गेले. एक गाव गेलं.

मी शाळेत डाळ ढवळता ढवळता पूल कसा वाचवायचा तेच पाहत होती. मोठ्या बाईनं दोनदा हाक मारली.

१४ सप्टेंबर, रविवार

पाऊण तासाची वीस मिनिटं झाली. ओट्यावर बसत नाई आता, चहा उभ्यानंच घेते. वॉकर पुढं ढकलते जसं काही हातगाडी. फिजिओवाली बाई वही पाहून म्हणे, "हे आकडे खरे आहेत ना?" मी म्हटलं, खोटं लिहाले मले एवढं लिहिता येत नाई. म्हणे महिनाभर असंच चालू द्या, खंड पडू देऊ नका, पायात ताकद आत्ताच भरून राह्यली.

महिनाभर.

१७ सप्टेंबर

पूल घेतला. त्याची फौज आता शहरात दाटीनं उभी आहे आणि जेवणाची गाडी शहराबाहेर, टेकडीजवळ, एकटी. ती गाडी मले दिसून राह्यली. दोन पाळ्यात घेता येते. गाडी गेली की तीन पाळ्यात सारे ९चे १. लढाई खतम.

बोट टिकलीवर ठेवलं. आणि आठवलं, महिनाभर. लढाई खतम झाली तर उद्या सकाळी हा माणूस कायले उठीन?

शिपाई दुसरीकडे नेला. हातात आलेलं सोडणं माह्या सवयीत नाई.

१९ सप्टेंबर

पुन्हा सोडलं. र. भा. मागून पाहून राह्यला होता. म्हणे, "भाभी, वो गाडी..." मी म्हटलं, भाऊ, तुमी तुमचा पंखा दुरुस्त करा.

२२ सप्टेंबर

चौथ्यांदा. शिपाई नदीकाठानं नुसते फिरवून राह्यली, जसे काही हवा खाले निघाले. पो. बा. संध्याकाळी येऊन पडदा पाहते, वापस निघते. पावलं ९००च्या वर, कारण आता दुकानाच्या पुढं पानठेल्यापर्यंत जाऊन येते.

हे महत्त्वाचं. ते लक्षात ठेवायचं.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज पो. बा. संध्याकाळची वाट न पाहता माह्या पाळीलेच येऊन बसला. मी शिपाई डावीकडे नेला. तो म्हणे, "गाडी समोर आहे."

"कोणती गाडी?"

"सुनंदा. तू शाळेत पोट्ट्याले दुसरी वाढ द्याले एवढा टाइम नाई लावत. आठ दिवस झाले माह्या गाडीभवती चकरा मारून राह्यली. मले सोडून देऊन राह्यली न तू?"

मले खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. म्हटलं, हो. लढाई संपली तर तुमी घरी बसान.

"मी काय पेशंट आहे?"

"आहे."

"घरी असन. इथी नाई. इथी मी फौज घेऊन बसलो आहे. माह्या फौजेवर कोणी दया करायची नाई."

आणि उठला. तरातरा निघाला. मी आणि र. भा. एकमेकाकडे पाहत राह्यलो, कारण वॉकर दुकानातच उभा होता, भिताडाले टेकून.

र. भा. हाक माराले गेला, मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला, शरम पण नाई वाटली. मंग वॉकर उचलला आणि मागं मागं गेली, वीस पावलं अंतर ठेवून. गल्लीतल्या बाया मलेच पाहून राह्यल्या. एक म्हणे, "माय वं, सुनंदाबाई, तुमच्या पायाले काय झालं?"

पो. बा. लंगडत होता, पण रागात होता, म्हणून थांबला नाई. घराच्या पायरीशी आला, कडी उघडाले हात पुढं केला आणि हाताकडे पाहत राह्यला. मंग दुसऱ्या हाताकडे. मंग मागं वळून माह्याकडे, वॉकरकडे. चेहरा पांढरा झाला. पायरीवर बसणार होता.

मी म्हटलं, आता भेऊन काय फायदा, पोचले तुमी.

२५ सप्टेंबर

रात्रभर झोपला, घोरला. सकाळी चहा घेताना एवढंच म्हणे, "आज खरं खेळजो."

खरं खेळली. त्याच्या गाडीजवळ शिपाई नेऊन भिडवला. वॉकर घरीच. त्याच्या हातात पोरीनं चंद्रपूरवरून पाठवलेली काठी, ती पण अर्धी हवेत.

२६ सप्टेंबर

गाडी घेतली. मले एवढा आनंद झाला की दुकानात टाळी वाजवली. र. भा.नं पण वाजवली, मंग पो. बा. आठवला म्हणून हात खिशात घातले.

२८ सप्टेंबर, रविवार

त्याचे आकडे पडले. ९चे ६. मी म्हटलं, संपलं आता, दोन दिवस.

नाई संपलं. हा माणूस शहरात उपाशी मराले बसला नाई. शहर उघडं टाकून सारी फौज बाहेर काढली, हिरव्या जंगलातून घातली, रात्री डुक्कर शेतात उतरते तशी, आणि माह्या मागून निघाला. सरळ माह्या चुलीवर. माह्यी गाडी गेली.

"चूल आधी," म्हणे, "तूच सांगतलं होतं."

आता त्याले जेवण नाई, मले पण नाई. त्याचं शहर रिकामं, पण माह्ये लोक तिथं पोचेपर्यंत किती उरते कोणाले मालूम. र. भा. कागदावर हिशेब करून पाहून राह्यला, म्हणे सांगता येत नाई, कोणाचंही होऊ शकते.

अशी मजा मले लग्नापासून आली नव्हती. हे पोरीले वाचाले देताना पान फाडा लागन.

१ ऑक्टोबर

फिजिओवाल्या बाईसमोर चालून दाखवलं, जिन्याच्या चार पायऱ्या चढून दाखवल्या. पाचवीवर थांबला. म्हणे पाचवी उद्या. बाई म्हणाली, आठ तारखेले नोकरीसाठी डॉक्टरची तपासणी आहे न, मी माह्यं मत लिहून देते, पुढचं ते डॉक्टर ठरवतील. जंगलात पाठवतील का ऑफिसात बसवतील, का घरीच, आत्ता सांगता येत नाई.

बसमधी मी म्हटलं, ऑफिसात बसवलं तर? म्हणे, "तिथं काय, फायली उचलीन." थोड्या वेळानं, खिडकीबाहेर पाहत, "जंगलातच पाठवतील."

मी तिकिटं वहीत घालून ठेवली.

५ ऑक्टोबर, रविवार

पाळी पो. बा.ची. चव्वेचाळिसावी. त्याच्याजवळ तीन शिपाई, आकडे ४, ३ आणि २. माह्याजवळ तीन, ३, ३ आणि २. माह्या पुढच्याले शहर दोन चौकटी दूर. त्याले एकच ठरवायचं आहे, वापस जाऊन शहर वाचवायचं का इथंच माह्याशी भिडायचं.

दुपारी तीनले बसला. साडेतीन झाले. टिकलीवर बोट ठेवते, उचलते. र. भा. म्हणे भिडा. मी म्हटलं पंचानं बोलायचं नाई.

पावणेचारले उठला. मी विचारलं, कुठी?

"बसून डोकं चालत नाई. नदीकडं जाऊन येतो."

नदीकडं म्हणजे वस्ती सोडून, उतार आहे, वाट खडबडीत आहे. तोंडात आलं होतं काठी तरी घ्या. घेतली होती त्यानं, खांद्यावर, जंगलात कुऱ्हाड घेते तशी.

दुकानाच्या दारातून पाहली मी. पानठेला, हापशी, मंग शाळेची भिंत, तिथून वाट खाली उतरते. उतारावर एकदा थांबला. पाय चाचपडला. माह्या पायात चप्पल आपोआप चढली, पण मी एक पाऊल पुढं नाई टाकलं. मंग तो खाली उतरला आणि दिसेनासा झाला.

साडेपाच झाले. र. भा.ले नमाजले जायाचं होतं. म्हणे, "भाभी, कॅसेटवर उतरवून बंद करू का?"

मी म्हटलं, राहू द्या चालू. त्याची पाळी आहे.